पाठमोरी पालखी

शिमग्यात देवीची पालखी दारात टेकली की तात्या गावकर गाऱ्हाणं घालत, आणि त्या गाऱ्हाण्यातच घरच्यांची अब्रू काढत. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आवाज खणखणीत. "हे आई माउली म्हाराजा, ह्या घरातलो झील तीन वर्सां बारावीतच रवलो हा. तेका येकतर अक्कल दी, नायतर म्हशी दी!" गाऱ्हाण्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं ही रीत. देवीपुढे नाही कोण म्हणणार? तो मुलगाही म्हणाला, आणि ओटीचं ताट धरून उभी असलेली त्याची आईही म्हणाली.

एका वर्षी आमच्या दारात ते म्हणाले, "नांदूक गेलेली परत इली हा म्हाराजा. आता निदान तिचां त्वांड तरी बंद रवांदे." माझी आत्या नुकतीच सासर सोडून आली होती. सगळ्यांबरोबर तीही "व्हय म्हाराजा" म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही. कुणीतरी हे तात्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "बघलंस? देवीन आयकला."

आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. तात्या आमचे शेजारी. उंच, काटकुळे, उन्हात रापलेले, खांद्यावर कायम पंचा. पालखी आंब्याखाली का थांबते, पहिला नारळ कुणाच्या हातून फुटतो, कुठल्या वळणावर ढोल बंद होतात, प्रत्येक रीतीमागची गोष्ट त्यांना पाठ होती आणि ती सांगताना ते रंगून जात. त्यांची बायको लवकर गेली. एकुलत्या एका नंदाला त्यांनीच वाढवलं. रोज सकाळी ओट्यावर बसून तिच्या दोन वेण्या घालताना मी त्यांना पाहिलं आहे. वेणी घालता घालता ते तिला गाऱ्हाणं शिकवत. नंदा माझ्या वर्गात होती. तिला ते अख्खं पाठ होतं. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, म्हणून ती ते आम्हाला काजूच्या बागेत म्हणून दाखवायची.

सगळ्या गोष्टींत आम्हाला भीती वाटायची ती तळीकाठच्या घराच्या गोष्टीची. पूर्वी म्हणे त्या घरात एक बाळंतीण होती. दुष्काळाचं वर्ष, घरात दाणा नाही. पालखी दारात आली तेव्हा ओटी भरायला तांदूळ नाहीत, या लाजेनं तिनं दार लावून घेतलं. देवीनं घराकडे पाठ केली. तेव्हापासून त्या घरासमोरून जाताना पालखी फिरवतात, देवीचा मुखवटा पलीकडे आणि पाठ घराकडे. मी लहानपणी तात्यांना विचारलं होतं, तांदूळच नव्हते तर देवीला समजायला नको? तात्या हसले. "देव काय तुझी आज्जी आसा, समजून घेऊक?"

त्याच घरातल्या विलासशी नंदानं लग्न केलं. तो आचऱ्याच्या तिठ्यावर रिक्षा चालवायचा, शांत मुलगा. तात्यांनी लग्न मोडलं नाही. मांडवात आले, अक्षता टाकल्या, जेवले. फक्त माझ्या वडिलांना म्हणाले, "जावय बरो आसा. घर वायट."

त्या वर्षीच्या शिमग्यात गावाला वाटलं, आता तात्या रीत मोडतील. पोटची पोर आहे. नंदालाही तसंच वाटलं असावं. तिनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, दारात तोरण लावलं. दुपार कलताना ढोल तळीकडे वळले, तेव्हा ती नवी साडी नेसून उंबऱ्यात उभी होती. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पालखीच्या भोयांनी पावलं आवरली. मुंबईहून आलेली पोरं मोबाइल वर धरून उभी राहिली. सगळे तात्यांकडे बघत होते.

तात्या आवाज न चढवता म्हणाले, "फिरवा."

भोई घुटमळले. नंदा एक पायरी खाली उतरली. ताट थोडं पुढे धरून म्हणाली, "बाबा, तांदूळ आसत."

"तेव्हा नाय होते," तात्या म्हणाले.

पालखी फिरली. संध्याकाळपर्यंत ताट घेऊन उभ्या असलेल्या नंदाचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता. त्याखाली कितीतरी जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. तात्यांच्या निष्ठेला. त्यानंतर दर शिमग्यात नंदा ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि दर शिमग्यात तिचे वडील पालखी फिरवायचे.

मग तात्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांच्यासोबत राहणारा पुतण्या दत्तू वर्षभरही त्यांचं करू शकला नाही. एका सकाळी विलासनं त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि तळीकाठच्या घरी नेलं. नंदा त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची. तिच्या हातचं खाताना ते भिंतीकडे बघत.

गाऱ्हाण्याचा मान आता दत्तूकडे आला होता. पुढच्या शिमग्यात पालखी तळीकडे आली तेव्हा तात्या अंगणात खुर्चीवर होते, नंदा शेजारी ताट घेऊन. दत्तूनं पालखी थांबवली. गावानं आधीच ठरवलं होतं. तो वाकून म्हणाला, "काकानु, तुमी नुसती मान हलवा. आज पालखी ह्या दारात बसयतंव." ढोल थांबले. दोन-तीन म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. नंदानं खाली बसून वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तात्यांचं तोंड वाकडं झालं. लाळ गळली, मान थरथरली. बराच वेळ शब्द फुटेना. मग निघाला.

"फि... र... वा."

आणि कुणीतरी मागून, निव्वळ सवयीनं, म्हणालं, "व्हय म्हाराजा."

दत्तूनं नंदाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि भोयांना खूण केली. देवीची पाठ अंगणासमोरून सरकत गेली. नंदानं पदरानं वडिलांची लाळ पुसली. ताट घेऊन आत गेली. ओटीचेच तांदूळ धुऊन तिनं चुलीवर पेज ठेवली आणि दिवेलागणीच्या आधी त्यांना भरवली. ते सगळी प्यायले.

पावसाळ्यात तात्या गेले. दिवसकार्य झाल्यावर मी नंदाला भेटायला गेलो. ती माजघरात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, शेवटी एवढी मान हलवली असती तर काय बिघडलं असतं?

नंदानं सुपातले तांदूळ पाखडले, फोलं उडवली.

"हलवली आसती तर माका वाटला आसता, आजारान हलली," ती म्हणाली. "बोलले तां बरां झाला. आता वर्सावर्साक उंबऱ्यात उभी रवाक नको."

मग तिनं मला विचारलं, चहात आलं चालेल ना?