कोंबड्यांची राख मीच झाडून टाकली होती

यंदा घट बसले आणि दुसऱ्याच दिवशी आमची तांबडी अंड्यांवरून उठली... तांबडी म्हणजे आमची खुडूक, अंडी उबवायला बसवलेली कोंबडी. मंठ्याजवळच्या खेड्यात आमचं घर, परसात थोड्या गावरान कोंबड्या.

माझ्या गळ्यात माळ आहे, मी अंडं खात नाही. पण लेकरांना लागतं, आणि घरचा मीठ-मिरचीचा खर्चा कोंबड्यांवर निघतो. जाऊबाई टोमणा मारतातच, "माळ घालायची अन् कोंबड्यांच्या मागं पळायचं, ही कोणती गं भक्ती?" मी म्हणते, "बाई, मी सांभाळते, कापत न्हाई."

उन्हाळ्यात मुंगसानं सगळी पिल्लं नेली होती. त्यामुळं यंदा या एका टोपलीवरच भिस्त होती. अर्धी उबवून झालेली अंडी थंड पडली की संपलं सगळं...

आधी वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आमचे हे ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "कोंबडीला कोण नजर लावतंय? तिचा तुरा बघ की, पांढरा पडून राह्यलाय."

खरंच पडला होता. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग लगेच तिला धरून परत टोपलीत बसवायला गेले, तर माझ्याच हाताला खाज सुटली. बघते तर मनगटापर्यंत बारीक लाल ठिपके, आणि ते चालत होते. एक चिरडला तर बोटाला रक्त लागलं... तांबडीचं.

टोपलीतलं पोतं उलटं केलं. शिवणीत, टोपलीच्या कामट्यांमध्ये, कोंबड्या बसतात त्या काठीच्या भेगेत, सगळीकडं तेच किडे. दिवसा लपायचे आणि रात्री कोंबडीचं रक्त प्यायचे. मग ती बिचारी बसणार तरी कशी?

पाणी उकळायला ठेवलं, पण ओतायला हात होईना. नवरात्राचा उपवास, पायात चप्पल नाही, आणि एवढे जीव एका घागरीत मारायचे... मी तशीच उभी राहिले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं.

"अन् ते तिला जित्ती पिऊन राह्यलेत, ते चालतंय का नवरात्रात?"

देवीला मनातल्या मनात हात जोडले आणि घागर खुराड्यात रिकामी केली. पोतं, टोपली, काठी, सगळं चुलीत घातलं. अंडी तेवढ्या वेळापुरती आधीच गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. दुसऱ्या धुतलेल्या टोपलीत कोरडं गवत आणि कडुलिंबाचा पाला अंथरला, अंडी त्यात ठेवली. म्हटलं, आता बसेल.

नाही बसली. टोपलीत ठेवली की उडी मारून बाहेर, आणि थेट तुळशीच्या वृंदावनावर! तिथली माती उकरायला लागली. तिच्यामागं बाकीच्या पण...

हे तुळस उकरणं तर घट बसायच्या आधीपासूनच चाललं होतं. मी पूजा करून वळले की या तुळशीत. तुळशीची मुळं उघडी पडली होती. त्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. इकडं अंडी थंड होऊन राहिलीत आणि हिला खेळ सुचतोय... खराटा घेऊन धावले.

शेजारच्या शमीमभाभी भिंतीवरून बघत होत्या. त्या खो खो हसायलाच लागल्या. "अगे वहिनी, मारते कायकू? मुर्गियां का हमाम तो तुमीच उठाके फेक दिये!"

हमाम म्हणजे न्हाणीघर. मी खराटा हातात घेऊन तशीच थांबले.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घराचा कानाकोपरा निघतो. वाकळा धुवायच्या, भिंती सारवायच्या. मी यंदा न्हाणीच्या चुलीजवळचा राखेचा ढीग उचलून उकिरड्यावर टाकला होता. अंगण खरवडून, चोपून, शेणानं असं सारवलं की मुंगीला माती उकरता येऊ नये. त्याच राखेत कोंबड्या रोज लोळायच्या. अंगावरचे किडे झाडायची त्यांची तीच जागा. सगळ्या अंगणात आता भुसभुशीत माती उरली होती फक्त तुळशीत...

खराटा खाली ठेवला. "लोळ बाई," म्हटलं.

तांबडी तुळशीच्या मातीत आडवी झाली. पंख पसरले, पायानं माती अंगावर घेतली, मान घासली. मी टोपलीवर गोधडीचा तुकडा धरून उभी. एकीकडं वाटत होतं लवकर उठ, दुसरीकडं वाटत होतं नीट होऊ दे तिचं... शेवटी उठली, सगळं अंग झाडलं, धुरळा उडाला. आणि मी न उचलता, न हाकलता, स्वतःहून टोपलीत जाऊन अंडी पोटाखाली घेऊन बसली.

मी पदरानं डोळे पुसले. माती गेली होती म्हणा.

पुढं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून पावडर आणली, डॉक्टरांनी सांगितली तशी लावली. खुराड्याला चुना दिला. भिंतीच्या कडेचं सारवण कुदळीनं फोडून तिथं माती आणि चुलीची राख टाकली.

सगळी अंडी काही निघाली नाहीत. काही वाया गेली, त्यांचं वाईट वाटलं. पण दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी तांबडीच्या पंखाखालून चिवचिव ऐकू आली...

आता रोज सडा टाकताना तेवढा कोपरा कोरडा सोडते. देवाच्या दारी कचरा नको म्हणून आयुष्यभर झाडत आले. ती धूळ पण त्यानंच कुणासाठी तरी ठेवलेली असते, हे मात्र यंदाच कळलं.