सरकीच्या काट्यावर

गेल्या गणपतीला गावी गेलो तेव्हा आमच्या वाडीच्या पाखाडीवर मी अर्ध्यातच बसलो. कोकणातल्या आमच्या वाडीपर्यंत गाडी जात नाही. खालच्या रस्त्यापासून जांभ्याच्या पायऱ्या चढत जावं लागतं, तीच पाखाडी. शाळेतून येताना मी तिथून पळत घरी जायचो. त्या दिवशी मात्र मधल्या फणसाखाली पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. वरून आईने बघितलं आणि तांब्या घेऊन ती खाली उतरली. तिच्या गुडघ्यांत आता काही राहिलेलं नाही, डॉक्टरांनी उतरायचं नाही म्हणून सांगितलेलं. मला पाणी पाजून वर जाताना ती दोनदा पायरीवर टेकली. एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हाताने मला खुणावत होती, तू हो पुढं.

शिमग्याला पुन्हा जायचं होतं. मी पुन्हा बसलो तर ती पुन्हा उतरणार, हे मला पक्कं माहीत होतं. आणि या खेपेला पाय घसरला तर?

नववीत शाळा सोडून मी इकडे मराठवाड्यात आष्टीला आलो, तेव्हापासून एका जिनिंगच्या फाटकावर आहे. कापसाच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं. मधला सगळा वेळ खुर्चीत. या गावाने मला भाकर दिली, खोली दिली, आजारपणात डबे दिले. मी खाऊन बसून राहिलो, यात गावाची काही चूक नाही.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तसा मीही सुरू झालो. मोबाईलवर एक माणूस सांगायचा, दोन महिन्यांत पंधरा किलो कमी. शाळा कमी झालेल्या माणसाला कोणी ठामपणे आकडा सांगितला की तो छापील वाटतो. निदान मला वाटतो. पहिल्याच दिवशी वाटूरच्या रस्त्याला लागलो आणि एवढा चाललो की परत येताना एका ट्रॅक्टरवाल्याला हात करावा लागला. चार दिवस जिना उतरताना कठडा धरत होतो. मग रात्रीची भाकर बंद केली.

आमच्याकडे सरकीची पोती मोजायचा मोठा काटा आहे. त्यावर मी रोज उभा राहायला लागलो, कधी सकाळी, कधी जेवून, कधी बुटांसकट. भाकर बंद करून सहाव्या दिवशी वजन वाढलेलं निघालं. मला घामच फुटला. मग कुतूहलही वाटलं, की न खाता हे आलं कुठून? तांब्याभर पाणी प्यायलो आणि पुन्हा उभा राहिलो. आकडा लगेच वर. बूट काढले, खाली. अर्धा तास माझा हाच उद्योग चालला होता.

काट्यावरचे काका लांबून बघत होते. जन्मभर त्यांनी कापूस मोजला आहे. मी इतकी वर्षं इथे असलो तरी ते मला अजून पाव्हणंच म्हणतात.

"पाव्हणं, काय करून राह्यले?"

"वजन बघतोय, काका. रोज वेगळं येतंय. काटा बिघडलाय का?"

"काट्याला काय धाड भरली?" ते ओलावा मोजायचं मशीन घेऊन आले. कापसात खुपसतात तशी त्याची दांडी त्यांनी माझ्या दंडाला टेकवली आणि तोंड वाकडं केलं. "ओलावा लई हाय. माल वापस."

हमाल हसले. मीही हसलो, पण त्यांना सोडलं नाही. ओलाव्याचं काय ते नीट सांगा म्हटलं.

"सकाळी दंवातला कापूस मोजला तर जड भरतो. त्योच दुपारी हलका. मंग कापूस वाढला का कमी झाला?"

"दोन्ही नाही."

"बराबर. तुमचं बी तसंच. आठ दिवसाला एकदा उभं राहा. बाजाराच्या दिवशी, सकाळी, उपाशी, ह्याच कपड्यावर. मधी काट्याकडं बघायचं न्हाई."

"आणि पंधरा किलो?"

"पयल्याच वेचणीला सगळा कापूस घरी येतोय का, पाव्हणं?" त्यांनी मशीन पुसलं. "भाकर खा. अन् तुम्हाला जायचं कुठं हाय ते सांगा आधी."

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पाखाडीचं सांगितलं, आईचं सांगितलं. मग त्यांनी ऑफिसच्या बाहेरच्या जिन्याकडे बोट केलं. आष्टीत चढायला दुसरं आहेच काय?

अठरा पायऱ्या. काका खाली उभे राहायचे आणि मी मोठ्याने आकडे म्हणत चढायचो. आवाज तुटला की ते खालून ती पायरी सांगायचे. पहिल्या दिवशी बारावर तुटला. दहा दिवसांनी पण बारावरच. मला रात्री झोप लागेना, शिमगा तर येत चाललेला. काका म्हणाले, तुटू द्या, पण रोज या. पुढे कधीतरी एकदा वर पोचून मी अठरा म्हणालो आणि ते माझ्याच उशिरा लक्षात आलं. मग दोन खेपा, मग तीन. मधे सर्दीने आठवडा गेला आणि पुन्हा पंधरावर आलो. हे असं मागे येणंही धरून चालायचं असतं, हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं.

हंगाम संपताना काट्यावर उभा राहिलो. चार महिन्यांत तीन किलो. काकांनी आकडा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "जावा."

शिमग्याला पाखाडीवर मी मुद्दाम हळू चाललो. तीनदा थांबलो, पण उभ्यानेच. फणसाखाली मात्र टेकलो, आधीच ठरवलं होतं. वर अंगणाच्या कडेला आई दिसली. हातात तांब्या. तिने एक पाय खालच्या पायरीवर ठेवला.

"थांब तिथंच," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "येतोय मी."

आवाज तुटला नाही. अंगणापर्यंत सबंध पोचला असावा, कारण तिने पाय मागे घेतला. तांब्या कडेच्या दगडी गडग्यावर ठेवून ती वाट बघत उभी राहिली.

मी वर पोचलो तेव्हा तिने मला खालून वर न्याहाळलं.

"पोट हाय तसंच हाय की रं," ती म्हणाली आणि तांब्या पुढे केला.