आबांचा दिवा, माझा दुधी

प्राण्यांत सगळ्यात जास्त जाती कुणाच्या? शाळेत मी झटक्यात हात वर करून सांगितलं होतं, किड्यांच्या. बाई शाब्बास म्हणाल्या आणि विषय संपला. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्याला आले, आणि त्याच जाती मला माझ्या बांधावर टबात मरून तरंगताना दिसल्या. डोकंच फिरलं माझं.

शेजारी चुलत सासऱ्यांचा ऊस. अख्खा गाव त्यांना आबा म्हणतो. वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, पुढं त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात. म्हणून बांधावर दिवा लावायचा, खाली पाण्याचा टब, पाण्यात थोडं डिझेल. भुंगेरे उजेडाला येतात आणि बुडतात. पद्धत चांगलीय, माझी ना नाही. पण भुंगेरे येतात दिवेलागणीला, थोडाच वेळ. आबा दिवा उजाडेपर्यंत जळत ठेवायचे. आणि वायर कुठून, तर माझ्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून!

त्या वर्षी मी एकटीच्या हिमतीवर दुधी लावला होता. नवरा रांजणगावला कंपनीत, शिफ्ट करून येतो नि झोपतो. दुधी फसला तर ते रानही उसाखाली जायचं, असं घरात ठरलेलं. आणि तो फसतच होता. मांडव फुलांनी पांढरा व्हायचा, बोटाएवढे दुधी दिसायचे, मग पिवळे पडून गळायचे. दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. नरफुलाचे पराग मादीफुलावर नेणारे पतंग, किडे अंधारातले. ते सगळे आबांच्या टबात.

"आबा, हुमणी येऊन गेली की दिवा बंद करत जावा."

"किडं मरत्यात ना? मरू दे की. किडा म्हंजी किडा!"

मी बटण बंद केलं की ते येऊन लावायचे. शेवटी एका सकाळी टब उचलला आणि त्यांच्या ओट्यावर पोतं पसरून पालथा केला. "आबा, ह्यातली हुमणी निवडा."

आबांनी चष्मा लावला. हुमणी निघाली मूठभर. बाकी हिरवे, पट्ट्याचे, केसाळ, लांब मिशांचे, एकासारखा दुसरा नाही.

"ह्यो कोण?" मी एक उचलून विचारलं.

"मला काय ठावं!"

"मग ठावं नसलेल्याला मारता कशाला?"

चुलत सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आबा लाल झाले. "लई शिकलीस! ह्यांच्यावाचून काय तुझा दुधी धरायचा न्हाई?"

"न्हाईच धरत. खोटं वाटत असंल तर सांजच्याला ह्या किड्यांच्या जागी तुम्ही या कामाला."

सासऱ्याला असं बोलायचं नसतं म्हणे. मी बोलले, आणि बरं केलं.

आबा खरंच आले, हट्टानं. मी नरफूल तोडून हातात दिलं, पाकळ्या काढून मादीफुलात हलकं घासायचं दाखवलं. चार वेल झाले नाहीत तोवर त्यांची मान अवघडली.

"किती राहिलं गं?"

"समदं रान. आन् उद्या नवी फुलं."

तेवढ्यात हुमणी आली, टबात पडली, यायची थांबली. मग एक मोठा पतंग आला. आबांच्या तोंडासमोरच्या फुलावर तरंगत त्यानं लांब सोंड आत घातली. आबा हलले नाहीत. पुढच्या फुलाकडं जाता जाता तो वळला, थेट दिव्याकडं. टपकन पाण्यात पडला.

मी पेटीजवळ गेले. "बंद करतीय. रोज करणार. परत लावलात तर वायरच तोडीन."

आबांनी बोटानं तो पतंग बाहेर काढला, उपरण्याच्या टोकानं टिपला. पंख डिझेलनं चिकटले होते. तो काही उडाला नाही.

मी बटण दाबलं. अंधारात आबांचा आवाज आला, "बॅटरी लाव. आन् दुसरं फूल दे."