पहिल्याच बोलीत डोंगर बंद

आमच्या राखीव डोंगराच्या वनरक्षकानं मला फसवलं. माणूस गरीब स्वभावाचा. चहा पिताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो आणि कशालाही ‘बरं’ म्हणतो. पर्यटकांच्या गाड्या कुठवर सोडायच्या, असं त्यानं ग्रामसभेत विचारलं. गाड्या पायथ्याला, माझ्या हॉटेलापाशी अडवाव्यात, एवढंच मला हवं होतं. पण मी लोणंदच्या बाजारात मुरलेला. तो बोली खाली उतरवेलच, म्हणून चढी लावली, “डोंगरच बंद करा.”

गावानं माना डोलावल्या. तो “बरं” म्हणाला आणि त्यानं वरच्या कचेरीत तसंच कळवलं. डोंगर बंद झाला.

आता हॉटेलात गिऱ्हाईक तेवढा तोच. काल विचारलं, “आवं साहेब, जरा घासाघीस करायची न्हाई व्हय?”

“आण्णा, तुमी लय पोटतिडकीनं बोलला.”

पहिल्याच बोलीला कुणी ‘बरं’ म्हणतं का? याचा जाब त्यानं दिलाच पाहिजे.