नीलम्माचा पासपोर्ट आधी आला

ईरप्पा रेल्वेतून रिटायर झाले ते १९७६ च्या जूनमध्ये. सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी चाळीस वर्षं चादरींचे गठ्ठे तोलले, त्यांच्यावर ठिकाणाचा मार्का टाकला, गाडीत चढवले. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांत ते सलग दहा मिनिटं खुर्चीत बसल्याचं मला आठवत नाही. गाडीला तास असला तरी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जाऊन वाकून बघून यायचे.

रिटायर होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच ते ऑफिसात हजर. काखेत टाइमटेबल.

"सिलोनला जावावं म्हणतोय," ते म्हणाले. देशाचं नाव बदलून श्रीलंका झालं होतं, पण त्यांच्या तोंडी सिलोनच.

"एवढ्या लांब कशाला?"

"मद्रास म्हणू नका, मदुरा म्हणू नका, कोलंबोला बी माल पाठवला की म्या. आणि मी कुटवर गेलो? वाडी जंक्शनपर्यंत. रामेश्वरपर्यंत पास हाय. फुडं बोट. तीन-चार तासांत पलीकडं."

बरोबर मायाप्पा आणि त्यांची बायको राजाबाई येणार होती. मायाप्पा जुने गार्ड, ईरप्पांचे दोस्त. नीलम्माला, म्हणजे ईरप्पांच्या बायकोला, अजून कुणी विचारलंच नव्हतं. ती मैंदर्गीची. लेक वळसंगला दिलेली. या दोन गावांपलीकडे ती कुठे मुक्कामाला राहिली नव्हती. मी फॉर्म भरायला शुक्रवार पेठेतल्या घरी गेलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

"माझा बी भरालाय काय?" तिने आतूनच विचारलं.

"व्हय. तू काय हितं एकटी ऱ्हातीस?" ईरप्पा म्हणाले.

"ऱ्हाईन की," ती म्हणाली. पण नाव, गाव, आईबापाचं नाव विचारलं ते सगळं तिने सांगितलं.

चौघांचे फॉर्म मुंबईला गेले आणि ईरप्पांचा जीव टांगणीला लागला. रोज पोस्टमनला बोळाच्या तोंडाशी गाठायचे. ट्रंक भरायची, माळ्यावरून दुसरी मोठी काढायची, त्यात भरायचं, मग पहिलीच बरी म्हणून परत काढायचं. सप्टेंबरात जायचं, नको, पाऊस असतो, फेब्रुवारीत जाऊ. फेब्रुवारी फार लांब आहे. पुन्हा सप्टेंबर.

सप्टेंबरात त्यांचा फॉर्म परत आला. सोबत पत्र: शाळेच्या दाखल्यावर जन्म १९२० चा, रेल्वेच्या कागदावर १९१८ चा. यातली खरी तारीख कोणती, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या.

पत्र घेऊन ते थेट ऑफिसात आले. मला बाहेर बोलावलं, लगेजच्या हातगाडीपाशी नेलं.

"खरी शाळेची," ते हळूच म्हणाले. "सोळाव्या वर्षी बापानं अठरा सांगून रेल्वेत चिकटवलं. आता हे लिवून दिलं आणि रेल्वेनं पेन्शन बंद केली तर?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. सकाळी ठरायचं की लिहून द्यायचं. दुपारी, नको, सिलोन गेलं खड्ड्यात. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे जाऊन मजकूर टाइप करून आणायचे आणि सही न करता घडी घालून ठेवायचे. असे तीन कागद मी पाहिले. तशात एक दिवस पोलीस चौकशीला आला, नीलम्माच्या फॉर्मसाठी. आणीबाणीचे दिवस. खाकी टोपी दिसली की बोळ गप्प व्हायचा. ईरप्पा स्टेशनवर. नीलम्माने हवालदाराला पाणी दिलं, विचारलं त्याची उत्तरं दिली, अंगठा नव्हे तर सही केली. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी, ईरप्पांनी पार्सलात काहीतरी घोळ केलाय.

ते कळल्यावर ईरप्पा तसेच चपला घालून टायपिस्टकडे गेले. चौथा कागद. यावर सही केली.

"चाळीस वर्षं खोटं वय घेऊन हिंडलो," दुसऱ्या दिवशी मला म्हणाले. "आता वर लोकांनी चोर बी म्हणावं?"

पेन्शनला काही झालं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. पण पासपोर्टही आला नाही. जानेवारीत तिघांचे आले, मायाप्पांचा, राजाबाईचा आणि नीलम्माचा. तिच्याकडे शाळेचा दाखला नव्हताच. कोर्टात एकदा प्रतिज्ञापत्रावर जन्मसाल लिहून दिलं, तेच सगळीकडे लागलं.

ईरप्पांनी फेब्रुवारीभर वाट पाहिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मायाप्पा म्हणाले, आम्हीही पुढे ढकलतो. तेव्हा ईरप्पा म्हणाले, "ढकलू नका. नीलम्माला घेऊन जावा."

नीलम्मा हसली. "मला बी मार्का मारून गठ्ठ्यासारखं पाठवालाय काय?"

"तसं न्हाय गं. मी रामेश्वरपर्यंत येतोय की."

आठ दिवसांनी ती राजाबाईला जाऊन सांगून आली की येते. मी नंतर तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली की. पण आजवर जा म्हणून कुणी म्हटलंच न्हाय. हिकडं ये, तिकडं बस, एवढंच."

कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून चौघं मद्रास मेलने निघाले. मद्रासला थांबून व्हिसाचं काम केलं. रामेश्वरच्या धक्क्यावर ईरप्पांना दोरापाशी अडवलं. मायाप्पांनी मला सांगितलं, बोटीवरून धक्का पुसट झाला तरी ईरप्पांचा पांढरा सदरा दोरापाशी इकडून तिकडे फिरताना दिसत होता. मायाप्पा आणि राजाबाई दोघांनाही बोट लागली; बादली घेऊन पडून होते. नीलम्मा, जिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पलीकडचा किनारा येईपर्यंत कठड्याला धरून उभी होती. एका खलाशाने बस म्हणून खूण केली, तर तिने त्यालाच बाजूला सरक म्हणून खूण केली.

ईरप्पांनी धर्मशाळेत नऊ दिवस काढले. परतीचा दिवस ठरलेला होता, तरी प्रत्येक बोटीला धक्क्यावर जायचे.

ती उतरली तेव्हा काळवंडली होती, पदर खाऱ्या वाऱ्याने राठ झालेला.

"तरास न्हाय न्हवं झाला?" त्यांनी विचारलं.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

मद्रासहून गाडी सुटल्यावर ती माहेरच्या कानडीत बोलायला लागली ती रायचूरपर्यंत. अनुराधापूरला स्टेशनवर एका तमिळ म्हातारीने तिचे केस विंचरून दिले होते, दोघींना एकमेकींचा शब्द कळत नसताना. डोंगरातल्या कँडीला एवढी थंडी की राजाबाईची शाल दोघींत घेतली. सकाळच्या खाण्यालासुद्धा नारळ. ईरप्पा मधेच विचारायचे, "कँडीला गाडी जाते की बस?" "दोन्ही जातंय. ऐका आधी." ते ऐकायचे, दाराशी जाऊन यायचे, परत बसायचे.

त्यांचा पासपोर्ट जूनमध्ये आला. पण ऑगस्टमध्ये तिकडच्या दंगलींच्या बातम्या आल्या, आणि पुढच्या वर्षी नीलम्माचा गुडघा धरला. १९७९ च्या मार्चमध्ये ते एकटेच गेले, पंधरा दिवस म्हणून. सातव्या दिवशी सोलापुरात.

मी घरी गेलो. ते स्टेशनकडे गेले होते. नीलम्मा पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होती.

"एवढ्यात कसे आले?"

"एक रात कोलंबोत काढली, म्हणं. बघितलं आन फिरले." तिने तळहातावर आणखी तेल घेतलं. "मी ते केस विंचरलेलं सांगितलं होतं न्हवं? तितं उतरलेच न्हाईत. गाडी दोनच मिनिटं थांबती म्हणालेत."

ती मनापासून नाराज होती. तेलाची वाटी बाजूला सारून तिने मला चहा टाकायला सांगितला, साखर कुठे आहे तेही सांगितलं.