हनुवटीखालची वाटी

तो टी-टेस्टर होता. दिवसाला चहाचे दोनशे नमुने चमच्याने सुर्रकन ओढायचे, तोंडात घोळवायचे आणि थुंकायचे, असं गेली बारा वर्षं चाललं होतं. सकाळी कामावर जाण्याआधी काही नमुने तो घरीच उरकायचा. लेक तेव्हा समोरच बसलेली असायची. जीभ बिघडायला नको म्हणून कांदा-लसूण बंद होता आणि जेवण म्हणजे ऑफिसातच दोन घास कोरडा भात, घरी काही खायचा ते रात्री लेक झोपल्यावर.

दीड वर्षाची ती लेक सध्या तोंडात जाईल ते थुंकत होती. गाजर, वाटाणे, भोपळा, कशाचीच गय नाही. वजन उतरायला लागलं तशी डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली, "पंधरा दिवसांत काटा वर सरकला नाही, तर दाखल करून नळीने भरवावं लागेल."

बायको सकाळच्या पाळीला जायची, त्यामुळे भरवण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलेलं. तो अगदी मेटाकुटीला आला होता. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, सगळे त्याच्या शर्टावर आले. एकदा तर तो तिच्यावर खेकसलाच, "गिळ ना गं बाई, एकदा तरी!" नंतर दिवसभर त्याला स्वतःची लाज वाटत राहिली.

रविवारी बायको घरी होती. बघता बघता ती म्हणाली, "थांब जरा. नीट बघ तिच्याकडे."

लेकीने घास सुर्रकन ओढला, गालात घोळवला, छताकडे बघत विचार केला आणि वाटीत थुंकून पसंतीची मान डोलावली.

"तिला आवडलंय रे," बायको म्हणाली. "तू काही गिळतोस, हे कधी पाहिलंय का तिने?"

उद्या हंगामातली सगळ्यात मोठी चाखणी होती. तरी त्याने बायकोचं ताट ओढलं, लेकीसमोर बसला आणि लसूण घातलेल्या भोपळ्याचा घास चावू लागला. लेकीने लगबगीने आपली वाटी उचलून त्याच्या हनुवटीखाली धरली.

त्याने घास गिळला. वाटी तिथेच होती. दुसरा गिळला, तिसराही. उद्याची जीभ गेली कामातून. शेवटी लेकीने त्याच्या तोंडात बोट घालून सगळीकडे चाचपून पाहिलं.

"गेलं?"

"गेलं. पोटात."

तिने स्वतःचा घास तोंडात घेतला आणि त्याच्याकडे बघत गालात धरून ठेवला. तोंडात काही नसताना त्याने आवंढा गिळला. तिनेही गिळला.