डावी पाकळी

शिवदास मूळचा सावंतवाडीकडचा. खाणीवर ट्रक चालवायला म्हणून गोव्यात कारापूरला आला, इथलाच झाला, आणि खाणीची धूळ छातीत भरून घरी बसला. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, विनोदिनी. आमच्या वाड्यावर तिच्याएवढी हुशार पोर दुसरी नाही, आणि तिच्या बापाएवढा हट्टी माणूसही दुसरा नाही.

खाणी बंद पडल्या तशी विनोदिनीची खाण कंपनीच्या ऑफिसातली नोकरी गेली. तिने एमबीए करायचं ठरवलं. पुण्यात दोन ठिकाणी नाव लागलं. एक कोर्स वर्षाचा, नोकरी केलेल्यांसाठी. दुसरा दोन वर्षांचा. तिला दोन वर्षांचाच हवा होता. त्यात मध्ये काही महिने कंपनीत काम करायला मिळतं, आणि खाणीचा शिक्का पुसून हॉटेलच्या धंद्यात शिरायचं तर तेच लागतं, असं ती मला पोटतिडकीने सांगायची. पण बापाला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे. दोन वर्षं त्याला कुणाच्या भरवशावर टाकणार? शेवटी शिवदासच म्हणाला, "देवीक इचारूया."

आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवीला विचारतात, मग एमबीएनेच काय घोडं मारलं होतं? शंभू गुरवाने देवीच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर एक वर्ष, डावी पडली तर दोन. गाऱ्हाणं घातलं. शिवदास हात जोडून बसला. त्याचे ओठ हलत होते.

डावी पडली.

विनोदिनी मनातून हरखली. मग तिने बापाकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्याला गाभाऱ्यातलं काही दिसत नव्हतं. "खंयची पडली गो?" त्याने विचारलं. एवढं विचारतानाही त्याला दम लागला होता.

"उजवी," ती म्हणाली. शंभूने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बाप खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो नुसता "बरां" म्हणाला.

वर्षाच्या कोर्सला सुट्टी कसली? ती एकदाही घरी येऊ शकली नाही. फोनवर तो रोज "बरो आसंय" म्हणायचा. सगळ्या विषयांना नुसता हात लागला, मुरलं काहीच नाही. हॉटेलवाल्यांनी मुलाखतीत विचारलं, आमच्या धंद्यात कधी काम केलंय का? ती काय सांगणार! शेवटी गावाजवळच, साखळीला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी मिळाली, जवळपास पूर्वीसारखीच. तिच्या जिवाला ते फार लागलं. निदान बापाजवळ तरी राहू, अशी मनाची समजूत घालून ती परत आली.

गोठा रिकामा होता. शिवदासने जिवापाड जपलेली म्हैस शेजारच्या बाबलीला देऊन टाकली होती. चांगले सदरे वाटून झाले होते. दम्याचा पंप कोनाड्यात धूळ खात पडला होता.

"ह्यां काय, बाबा?"

"देवीन एकच वर्स सांगलां मां," तो शांतपणे म्हणाला. "मी मनात ताच मागलंय. माझी दोन वर्सां उरली आसतीत तर पोरीक दोन वर्सां धाड, नायतर एक. उजवी पडली. आता दीस भरले. औषदां कित्याक फुकट घालवू?"

तिला रडू आवरेना. "बाबा, डावी पडलेली. तुमची धाप बघून मी खोटां सांगलंय."

शिवदास रागावेल असं तिला वाटलं. त्याने रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

"दोगांकय दोन-दोन दिली होती देवीन," तो म्हणाला. "एक तुझां गेलां, एक माझां गेलां."

मग त्याने पंपासाठी हात पुढे केला.